खिळ्यांचं नांद्रुक

ग्रामसभेत सरपंच विजयसिंहानं कमानीचा विषय काढला आन बायडाबाई पदर खोचून भांडायलाच उठली. वेशीतलं नांद्रुकाचं झाड तोडायचं आन तिथं सरपंचाच्या बापाच्या नावाची स्वागत-कमान उभी करायची, असा बेत. बाप जित्ता हुता तवा ह्यो त्याला गोठ्यात जेवाय वाढायचा, हे सगळ्या गावाला ठावं. तरी टाळ्या वाजवल्याच की.

बायडाबाईचं म्हणणं सरळ हुतं. झाडाला लागून तिची हीर. झाडाच्या मुळ्यांनी हिरीची दगडी कड धरून ठेवलीया. झाड गेलं की कड ढासळणार, आन त्याच पाण्यावर तिच्या दोन म्हशी न् वीस गुंठं ऊस. मी केरबा, तिचा शेजारी. मी हात वर करून म्हटलं, बाई खरं बोलतीया. कुणी वळूनसुदिक बघितलं न्हाय.

आता ह्या झाडाची कीर्ती ऐका. कधीकाळी एक सासुरवाशीण छळाला कटाळून तिथं रडत बसली, झाडानं खोड फाकवलं, तिला आत घेतलं आन परत मिटलं. तवापास्नं ती झाडात हाय, आन कुऱ्हाड लावंल त्यो रगात वकतो. आमच्या आळीतल्या गुंडूच्या आज्ज्यानं फांदी तोडली आन मेला, ह्यो पुरावा. फांदी तोडल्यावर म्हातारा एकोणीस वर्सं जगला, तिसरं लगीन केलं, हे कुणी सांगत न्हाय. बरं, तिची दया येऊन कुणी घरच्या सुनंला दोन घास जास्ती वाढलं म्हणावं, तर तेबी न्हाय. उलट तिच्याच अंगात खिळं ठोकलं. ज्याचं वाईट चितायचं त्याचं नाव मनात घ्यायचं आन छातीएवढ्या उंचीवर एक खिळा मारायचा. भाऊबंदकी असू दे न्हायतर निवडणूक, गावाला एकच औषीद.

एवढी भीती, मग माणसं तोडाय तयार कशी झाली? सरपंचानं देवरुशी आणला. त्यो घुमला आन म्हणाला, बाई झाड सोडून देवळात ऱ्हायला गेली. झालं. पिढ्यान्‌पिढ्याची भीती एका नारळात निवाली. मला तर थुकावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई माझ्या दारात आली.

"केरबा, मुरगूडच्या बाजाराला चाललायास न्हवं? दोन किलो खिळं आण. पाच इंची."

"तुमचाबी इस्वास बसला का काय, आक्का?"

"आण म्हटलं की आणायचं."

आणलं. मग आठ दिवस ती रोज सकाळी हातोडा घिऊन झाडाकडं जायाची. भर वेशीत, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, बुडापास्नं कंबरंपतूर खोडाभोवती खिळं मारायची. वर गावाचं जुनं खिळं हुतंच, खालची जागा मोकळी हुती, ती भरून काढली. एकानं इचारलं न्हाय की बाई, काय चाललंय. प्रत्येकाला वाटायचं, आजचा खिळा आपल्याच नावाचा. ज्यानं तिच्या बांधाचा दगड सरकवलाता, त्यो तर लांबनं वळसा घालून जाऊ लागला. झाडातली बाई देवळात गेली म्हणून नारळ फोडणारी हीच माणसं, पण खिळ्याची धास्ती तशीच. डोकं गहाण टाकलेल्यांना काय इचारायचं?

तोडायच्या दिवशी हलगी लावलीती, सरपंचानं फेटा बांधलाता. मुरगूडचा रिजवान कटर मशीन घिऊन आला. कामाला पक्का गडी. त्यानं गुडघ्याएवढ्यावर मशीन लावलं, कडकड वाजलं आन चेन तुटली. दुसरी चेन जरा वर लावली, तीबी गेली. तिसरी छातीपाशी तुटली. रिजवाननं साल खरवडून खिळं दाखवलं. म्हणाला, "सरपंच, हे झाड हाय का लोखंडाचं दुकान?" पण त्याचं ऐकतंय कोण? कुणीतरी म्हणालं, बाई परत आली, आन हलगीवाला पयला पळाला. पुढं सरपंचानं जेसीबी आणायचं मनात घेतलं, तर एक डायवर तयार हुईना.

आठवड्यात तीन चेनीच्या सात झाल्या. रिजवान रगात वकला म्हणं. मी गुंडूला सांगितलं, आरं, काल त्यो बाजारात भजी खात हुता. तर गुंडू म्हणतो, त्यो रिजवान न्हवंच.

मग एका सकाळी बायडाबाई हिरीवर म्हशी धूत हुती, मी कडंला बसलोतो. सरपंच आला. आठ दिवसात माणूस वाळलाता. रातीला झोप न्हाय, प्वाटात कळ येतीया म्हणाला. मग इकडं-तिकडं बघून हात जोडलं.

"काकू, एवढं खिळं मारलासा. माझ्या नावाचा कंचा, तेवढा सांगा. उपसून घेतो."

बायडाबाईनं म्हशीच्या पाठीवरचा हात काढला न्हाय. "आता कुठं ध्यानात हाय बाबा. झाडाला जप. झाड बरं तर तू बरा."

कमानीसाठी आणलेल्या दगडांचा त्यानं झाडाला पार बांधला. हिरीच्या कडंचीबी डागडुजी करून दिली, न मागता.

त्यो गेल्यावर मी इचारलं, "आक्का, खरं सांगा, कुणाकुणाचं नाव घेतलंतासा?"

"नावं घेत बसले असते," ती म्हणाली, "तर हातोडा बोटावर बसला असता."