हाक मारायची कशी?

फ्रेमवालीचं इंग्रजी कच्चं मुळीच नव्हतं. जाडजूड कादंबऱ्यांचा ती फडशा पाडायची, काचेच्या जाडीवरून गिऱ्हाइकाशी इंग्रजीत हुज्जतही घालायची. गाडं अडलं होतं एकाच शब्दापाशी, आणि तो शब्द म्हणजे मालकाचं नाव.

परदेशातल्या ज्या फ्रेमच्या दुकानात ती नुकतीच लागली होती, तिथे सगळे मालकांना नुसत्या नावाने हाक मारत. मालक सत्तरीचे, तिच्या वडिलांच्या वयाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "सर-बिर नको हं. नावाने बोलवायचं." तिने मान डोलावली खरी, पण वडीलधाऱ्याचं नाव असं उघडंवाघडं तिच्या तोंडून निघेल तर शपथ! काही विचारायचं असलं की ती त्यांच्याजवळ जाऊन खाकरायची आणि ते बघेपर्यंत ताटकळत उभी राहायची.

सोमवारी काच कापणाऱ्या बाईने तिला बाजूला घेतलं. "अगं, त्यांच्याशी तुझं काय बिनसलंय? आम्हा सगळ्यांना नावाने बोलावतेस, त्यांनाच नाही. त्यांना वाटतंय, तुझा त्यांच्यावर राग आहे. शनिवारी तुला कायम करायचं की नाही ते ठरणार, म्हणून सांगतेय."

इतकी आवडती नोकरी, आणि ती जाणार कशापायी, तर आदरापायी! घरी आरशासमोर तिने मालकांचं नाव घोकघोक घोकलं. तिथे झकास जमायचं. दुकानात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप.

गुरुवारी मालकांनी एक मोठी फ्रेम भिंतीवर टांगली आणि ती सरळ आहे का ते बघत मागे मागे येऊ लागले. त्यांच्या पाठीशी तळघराचा जिना उघडाच होता. नाव तिच्या ओठांपर्यंत आलं, अडकलं, आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "अहो! अहो, थांबा!"

शब्द कळला नाही, पण मालक जागच्या जागी थांबले. टाच पहिल्या पायरीच्या कडेवर होती. खाली बघून ते मटकन स्टुलावर बसले. "काय म्हणालीस तू मला?"

मग तिने सगळं सांगून टाकलं. मोठ्यांचं नाव घ्यायला जीभच वळत नाही, त्यांना आम्ही अशी हाक मारतो. बायका नवऱ्यालाही हेच म्हणतात, एवढं मात्र तिने शिताफीने गिळलं.

"म्हणजे तू रागावलेली नाहीस?" म्हाताऱ्याने केवढा मोठा सुस्कारा टाकला! "मी म्हणत होतो, तुला इथे नकोसं झालंय, तर कशाला अडवून ठेवायचं? आता शनिवारपर्यंत थांबायलाच नको. तू कायम. आणि मला हाक तीच मारायची."

संध्याकाळपर्यंत सगळं दुकान मालकांना 'अहो' म्हणायला लागलं.

घरी नवऱ्याने हे ऐकलं, त्यालाही हायसं वाटलं, आणि मग त्याचा चेहरा पडला. "ते अहो? मग मी कोण?"

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतक्या दिवसांचा जिवाचा घोर त्या हसण्यात वाहून गेला. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली.

तो दचकला. कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघून आला आणि हळूच म्हणाला, "पुन्हा म्हण."