साडेपाचच्या बसने केलेला घोटाळा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. दिल्लीजवळ मानेसरच्या एका औषध-प्रयोगशाळेत माझी चौदा वर्षं गेली. माझी भिंगं खाली असतात, म्हणून मी जग खालून वर बघतो. इथल्या मदतनीस अलकाताईंच्या जुन्या ओढणीचं आवरण माझ्या डोक्यावर असतं. पण मित्रांनो, त्या सोमवारी इथे सगळ्यांना जो धक्का बसला, तो कुठलंच आवरण झाकणार नाही.

इथली तरुण संशोधक लुंबिनी काचेच्या कुपीत यकृताच्या पेशी वाढवायची. एक नवं औषध यकृताला बाधतं का, हे आधी त्यांच्यावर बघायचं होतं. पेशी घोळक्याने, चिकटून, रमतगमत वाढत. मग एका संध्याकाळी दारातून अलकाताई ओरडल्या, "चलो यार लुंबिनी, साडेपाचची बस सुटेल!" लुंबिनीने घाईत शेजारच्या कुपीतल्या कर्करोगाच्या पेशींना गुलाबी खाद्य दिलं आणि तीच नळी, तिला चिकटलेल्या पेशींसकट, पुन्हा खाद्याच्या बाटलीत बुडवली. त्या बाटलीतलंच खाद्य यकृताच्या पेशींना गेलं. मी पाहिलं. मला तोंड कुठे आहे?

काही महिन्यांत कुपीतल्या पेशी सपाट, लांबट आणि भराभर वाढणाऱ्या झाल्या. औषधाने त्यांचं काहीच बिघडेना. प्रयोगशाळेचे प्रमुख सुधन्वा सर खूश! "बघा, लुंबिनीचा हातगुण!" लेबलावर मात्र 'यकृत'च होतं.

सोमवारी नोएडाहून पेशींच्या ओळख-तपासणीचा अहवाल आला. लुंबिनीने तो वाचला आणि अलकाताईंपुढे धरला.

"ताई, यात यकृताची एकही पेशी नाहीये. सगळ्या त्या शेजारच्या कुपीतल्या आहेत."

"अगं, त्यांनीच नमुने बदलले असतील!"

लुंबिनीने डोळा माझ्याशी लावला. "नाही ताई. हे सपाट, लांबट रूप तर मी रोज बघत होते."

सुधन्वा सरांनी अहवाल ओढून घेतला. "दीड वर्ष! आणि उद्या बैठकीत औषध सुरक्षित म्हणून सांगायचंय. बैठक होऊन जाऊ दे, मग बघू."

"सर, ते सुरक्षित आहे की नाही, आपल्याला ठाऊकच नाही. उद्या ते कुणाच्या तरी पोटात जाईल. चूक माझी आहे, मी लिहून देते."

शेवटी सरांनी फोन उचलला. "अच्छा, उद्याची बैठक रद्द करा. आमचे निकाल चुकलेत."

त्या दिवशी लुंबिनीने सगळ्या कुप्या ब्लीचमध्ये ओतल्या. माझ्यासमोरच. मी दीड वर्ष ज्यांना बघत आलो, त्या पेशी पाच मिनिटांत विरघळल्या.

आता दोन प्रकारच्या पेशींसाठी खाद्याच्या दोन वेगळ्या बाटल्या असतात, एकीवर लाल चिकटपट्टी, दुसरीवर निळी. नव्या यकृतपेशी पुन्हा घोळक्याने, अगदी रेंगाळत वाढताहेत. कुणी हातगुण म्हणत नाही. लुंबिनीची बस बहुतेकदा चुकते, ती शेअर ऑटोने जाते.

मित्रांनो, माझी भिंगं पुसता, आभारी आहे. पण माझ्यातून बघाल तेव्हा जे दिसतं तेच बघा. लेबल वाचायला मी लागत नाही.