चारशे बाराव्या ओळीची साक्ष

मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे, की रांगेतली नव्हे. मी संगणकाच्या एका प्रोग्राममधली चारशे बारावी ओळ आहे. आज माझ्यापुढे दोन तिरप्या रेघा ओढलेल्या आहेत. अशा रेघा ओढल्या की ओळ माणसांना वाचता येते, पण यंत्राला दिसत नाही. तरीही मित्रांनो, माझं थोडं ऐकून घ्या. कोणी ऐकून घेतलं नाही, म्हणूनच तर हे सगळं घडलं.

माझ्यासारख्या ओळींना 'असर्ट' म्हणतात. आमचं काम एकच, विचारायचं. 'आत्तापर्यंत जे व्हायला हवं होतं, ते झालंय ना?' झालं असेल तर आम्ही गप्प बसतो. झालं नसेल तर यंत्र जागच्या जागी थांबवतो आणि कुठल्या ओळीशी घोळ आहे ते सांगतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक त्याच्याच टेबलावर पकडली जावी, एवढ्यासाठी आमचा जन्म असतो.

मला ताईने लिहिलं. वयाने मोठी असलेली माणसंही कचेरीत तिला ताईच म्हणत. प्रोग्राम होता रक्त तपासणाऱ्या यंत्राचा. यंत्राची बारीक सुई एका नळीत बुडायची, थेंबभर रक्त उचलायची, ते तपासणीसाठी सोडायची आणि पुढच्या नळीकडे वळायची. मधे ती धुतली जायलाच हवी, नाहीतर एकाचा आजार दुसऱ्याच्या माथी. म्हणून चारशे अकरावी ओळ म्हणायची, 'सुई धू.' आणि तिच्या पाठीला पाठ लावून मी विचारायची, 'धुतली ना?'

पहिल्याच आठवड्यात मी यंत्र अडवलं. ताईने घाईत क्रम चुकवला होता आणि सुई न धुताच पुढच्या नळीकडे निघाली होती. ताईने पडद्यावर माझा नंबर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बरं झालं बाई, तू होतीस," ती म्हणाली. ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

आमच्या कचेरीचे साहेब फार आटोपशीर होते. टेबलावर एक पेन, कपाटात एक फाइल आणि प्रोग्राममध्ये होता होईल तितक्या कमी ओळी. एक दिवस ते आमच्यापाशी थबकले. धुण्याचं काम झालं की नाही, याचं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर ते काम स्वतःच देत असे. मग दोन ओळी कशाला? त्यांनी चारशे अकरावी पुसली आणि तिचं काम माझ्या पोटात घातलं. आता मीच सुई धुवायला सांगायचं आणि मीच विचारायचं, 'झालं ना?'

खोटं कशाला बोलू, मी सुखावले. आजवर नुसती विचारणारी मी, आता करणारीही झाले. साहेबांनी चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "बघा, एका ओळीत दोन कामं." हा बदल तपासायची जबाबदारी ताईची होती. त्या दिवशी तिच्यापुढे असे चाळीस बदल होते. तिने माझ्यावरून नजर फिरवली आणि मंजुरी देऊन टाकली.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. प्रोग्राम कचेरीत असतो तोवर आम्ही जाग्या असतो. तो गिऱ्हाइकाकडे जायला निघाला की आम्हाला वगळून त्याची वेगळी प्रत काढतात. वेग वाढतो, आणि गिऱ्हाइकासमोर यंत्र अडून बसलेलं कोणालाच नको असतं. या रीतीवर माझा राग नव्हता. विचारणारी गेली तरी काम करणारी ओळ जागेवर असते ना. पण या वेळी काम माझ्या पोटात होतं. मला वगळलं आणि माझ्याबरोबर सुईचं धुणंही गेलं. ती प्रत ताईने स्वतःच्या हाताने काढली. जिने मला जन्म दिला, तिनेच.

दवाखान्यात जे झालं ते मी पाहिलं नाही, कारण तिथे मी नव्हतेच. ते ताईच्या टेबलावर झालेल्या बोलण्यातून मला कळलं. तिथल्या प्रयोगशाळेत एक मावशी होत्या. एकोणीस वर्षं त्या रक्ताच्या नळ्या मांडत होत्या. नवं यंत्र आल्यावर त्यात धुण्याच्या पाण्याची बाटली भरलेली ठेवायची, हेही काम त्यांच्याकडे आलं. महिनाभरात एका धडधाकट सुताराच्या रिपोर्टात कावीळ निघाली. मग एका शिक्षिकेच्या. दुसरीकडे तपासलं तर दोघांनाही काही नव्हतं.

डॉक्टरांनी मावशींना बोलावलं. धुण्याच्या पाण्याची बाटली आठवडाभरात संपायला हवी, आणि भांडारातून महिनाभर एकही नवी बाटली गेली नव्हती.

"डॉक्टर, पहिली संपेल तेव्हा दुसरी नेईन ना," मावशी म्हणाल्या. "ही बाटली संपतच नाही. मी तारीख घालून पट्टी चिकटवलीय, बघा तरी."

"संपत नाही म्हणजे तुम्ही यंत्र नीट चालवतच नाही," डॉक्टर म्हणाले. "पडद्यावर तर 'धुणे पूर्ण' येतंय."

ती अक्षरं उमटवणारी ओळ माझ्यानंतरची. ती कोणाला काही विचारत नाही, पाठ केलेलं म्हणून दाखवते.

दवाखान्याने आमच्याकडे तक्रार केली तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता मला विचारतील. विचारलंही. कचेरीतल्या यंत्रावर साहेबांनी दोन दिवस तपासणी लावली आणि मला मुद्दाम जागं ठेवलं. पण मित्रांनो, मी जागी म्हणजे माझ्या पोटातलं काम जागं. सुई दर वेळी स्वच्छ धुतली गेली. मी दर वेळी विचारलं, दर वेळी 'हो' आलं, आणि मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं हीच साक्ष ठरली. साहेबांनी दवाखान्याला लिहून दिलं, 'यंत्रात दोष नाही. हाताळणीत हलगर्जी.' त्या कागदावर मावशींना घरी पाठवलं.

खरं विचारण्यासाठी जिला घडवलं, तिच्या तोंडून त्यांनी खोटं वदवून घेतलं. याहून मोठी फसवणूक मला माहीत नाही.

मावशी गेल्या, नळ्या मांडायला दुसरी मुलगी आली, आणि आठवडाभरात तिसऱ्या धडधाकट माणसाला कावीळ निघाली. आता मात्र ताईला तिकडे पाठवलं. ती मुलगी ताईला सहज म्हणाली, "ताई, यात कोणतं पाणी भरता हो? संपतच नाही." ताईने बाटली हातात घेतली. ती काठोकाठ भरलेली होती. पट्टीवर मावशींच्या ठसठशीत अक्षरात दीड महिन्यापूर्वीची तारीख होती.

ताई परत आली आणि तिने दवाखान्यात पाठवलेलीच प्रत कचेरीच्या यंत्रावर चालवली. सुई एका नळीतून दुसऱ्या नळीत गेली, कोरडीच. मग तिने माझी ओळ उघडली आणि साहेबांना बोलावलं.

"साहेब, धुणं असर्टच्या आत होतं. बाहेरच्या प्रतीत ते नाहीच. आणि ते मी मंजूर केलं."

"या ओळींमुळेच घोटाळे होतात," साहेब म्हणाले. "बंद करा ती."

चारशे अकरावी परत आली आणि माझ्यापुढे रेघा आल्या. दवाखान्याला नवी प्रत गेली, सोबत एका ओळीचं पत्र, 'सुधारित आवृत्ती पाठवत आहोत.' मावशींबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

ताईने मावशींना फोन केला. "मावशी, चूक आमची होती. तुम्ही कामावर परत जा."

"मला ठाऊक होतं. बाटली भरलेली होती ना," मावशी म्हणाल्या. "जाईन मी. पण हलगर्जी म्हणून कागदावर लिहिलंत, तसंच नव्हती म्हणून कागदावर लिहून द्या. मग जाते."

ताई ते लिहून साहेबांकडे सहीसाठी घेऊन गेली. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि कपाटातल्या त्यांच्या एकुलत्या एका फाइलमध्ये ठेवलं. ते आजही तिथेच आहे. मावशी दवाखान्यात परत गेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात ताईनेही नोकरी सोडली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी प्रोग्राम लिहील. आम्हाला जरूर लिहा, पण विचारणाऱ्याच्या गळ्यात काम अडकवू नका. आम्ही गप्प आहोत म्हणून सगळं ठीक आहे असंही धरून चालू नका. आणि समोरचं माणूस बाटली दाखवत असेल, तर पडदा सोडून आधी ती बाटली बघा.

जाण्याआधी ताईने माझ्या डोक्यावर एक वाक्य लिहिलं. त्याच्यापुढेही माझ्यासारख्याच दोन रेघा आहेत. प्रोग्राम दवाखान्यात जातो तेव्हा आम्ही दोघी कचेरीतच राहतो, त्यामुळे डॉक्टरांना ते कधी दिसायचं नाही आणि मावशींनाही नाही. ते वाक्य असं आहे: 'इथे सुई धुतली जात नव्हती. मावशी खरं सांगत होत्या.'