उतरलेला ताप

तेजलने काखेतला थर्मामीटर काढून खिडकीच्या उजेडात धरला, झटकला आणि पुन्हा लावला.

ताप नव्हता.

काल दिवसभर ती फणफणली होती, आणि दातांवर दात आपटत असतानाही नवऱ्याकडे, महेशकडे बघून हसली होती. केमो हरल्यावर डॉक्टरांनी हा प्रयोग सुचवला होता. दुबळे केलेले जिवंत जंतू पोटातल्या गाठीत सोडायचे. त्यांच्याशी लढायला उठलेलं शरीर गाठीवरही तुटून पडलं तर पडलं. ताप आला तर समजा, शरीर जागं होतंय, आम्हाला कळवा. मात्र न विचारता अँटिबायोटिक घेऊ नका, त्याने हेही जंतू मरतील. आणि मुलीला काही दिवस लांब ठेवा.

बंद दारापलीकडून आरोही हाका मारत होती. तेजलने ओ दिली नाही. आवाज ऐकला की पोर दारावर थापा मारत बसते.

सासूबाई, धोंडाबाई, पेजेची वाटी घेऊन आल्या. सुनेच्या कपाळाला हात लावताच त्यांचा चेहरा खुलला.

"उतरला गं माय!"

"कसा उतरला, आई?"

"कसा म्हंजे? डाक्टर म्हनतो ताप येऊ द्या. असं असतंय व्हय कुठं? देवळ्याच्या कंपाउंडरनं दिलेल्या जंतू मारायच्या कॅपसुला हायेत माझ्याजवळ. कालपासून पेजेत फोडून घालते. गोळी बघितली की तू तोंड फिरवती. म्हैश्या बी लहानपनी असाच."

तेजल वाटीकडे बघत राहिली.

"कण्हत व्हतीस लय. मला नाय बघवलं, बाई."

बाहेर आरोही रडायला लागली तशा त्या लगबगीने गेल्या. तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलच्या सिस्टर होत्या.

"तेजलताई, आज ताप किती?"

"नाहीये. सिस्टर, कालपासून पोटात अँटिबायोटिक गेलंय."



"कुणी दिलं?"

"चुकून गेलं."

"दुपारी या. सरांशी बोलते मी. पण ताई... पुन्हा डोस देतील का, मला नाही सांगता येणार."

तेजलने फोन उशीखाली सारला. धोंडाबाई दारात येऊन उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत.

"काय म्हनली बाई?"

"ताप उतरला ते बरं झालं, म्हणाल्या."

धोंडाबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

"मंग घे ना दोन घास."

तेजलने वाटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"गार झालीय, आई. दुसरी करा. नुसतं मीठ घालून."

वाटीतून अजून वाफ निघत होती.