पंपाचा आवाज

दाजींनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून गाडीच्या छपरावर ठेवलं आणि कमरेत वाकून त्या उघड्या तोंडाशी कान नेला.

“फिरव चावी. स्टार्ट नको करूस, नुसती ऑन.”

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या मेहुणीने चावी फिरवली. मागच्या बाजूने टाकीतल्या पंपाची घरघर आली, क्षणभर टिकली आणि थांबली.

“अगं, फिरव ना.”

“फिरवली की.”

“परत.”

तिने चावी मागे घेतली, पुन्हा फिरवली. पुन्हा तीच घरघर, सीटच्या पाठीतून जाणवेल इतकी स्पष्ट. दाजी आपली फिरकी घेताहेत असं तिला वाटलं. थट्टेच्या बाबतीत त्या दोघांनी एकमेकांना कधी सोडलं नव्हतं. उलट उत्तर द्यायला म्हणून तिने बाजूच्या आरशात पाहिलं. दाजींचा एक हात हवेत थांबला होता, भुवया जवळ आल्या होत्या. ते वाट बघत होते. थट्टा करणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो.

“अजून एकदा,” ते म्हणाले, आणि त्यानंतर सरळ उभे राहिले. “पंप गेलाय. टाकी खाली उतरवावी लागेल.”

हे त्यांनी गाडीच्या मालकीण नर्सबाईंना सांगितलं. नर्सबाई गॅरेजच्या शेडच्या दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. अंगावर गणवेश, त्यावर स्वेटर. रात्रभर गाडी इथेच ठेवा, इंजिन थंड असतानाच तपासायला हवी, असं दाजींनीच त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्या आज बसने आल्या होत्या.

“आधी तुम्ही प्लग म्हणालात,” त्या म्हणाल्या. “मग बॅटरी म्हणालात. दुपारी गाडी चावी लावताच चालू होते. पहाटे मात्र खॅक खॅक करत राहते, शेजारचे खिडक्या उघडून बघतात. आणि रात्रपाळीची बाई तिकडे दवाखान्यात माझ्या नावाने बोटं मोडत बसलेली असते. या वेळी नक्की पंपच ना?”

“नक्की.”

दाजींचं ‘नक्की’ म्हणजे गावभर काळ्या दगडावरची रेघ होती. कोपऱ्यावरून वळणारी गाडी नुसती ऐकून ते तिचं दुखणं सांगत. ‘कानाचे मिस्त्री’ असंच लोक त्यांना म्हणायचे. मेहुणीने शेडच्या अर्ध्या भागात वायरिंगचं काम सुरू केलं, तिचं ‘दाजी, दाजी’ दिवसभर ऐकून गिऱ्हाईकंही त्यांना दाजी म्हणू लागली, आणि जुनं नाव मागे पडलं. पण त्या कानाचा लौकिक तसाच होता. दोघांचीही घरं त्यावर चालत होती.

मेहुणी गाडीतून उतरली. ‘पंप चालू आहे’ एवढेच तीन शब्द तिच्या जिभेवर होते. तिने नर्सबाईंकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं, आणि ते शब्द गिळले.

“दाजी, टाकी उतरवायच्या आधी मला जरा वायर बघू द्या.”

“वायरचं काय त्यात?”

“असेल नसेल. माझं समाधान.”

दाजींनी खांदे उडवले आणि ते पाना शोधायला मागे गेले. तिने आपलं तपासणीचं यंत्र आणून स्टिअरिंगखाली जोडलं. आकडे एकेक करत वर सरकू लागले. एका आकड्यापाशी तिचं बोट थांबलं. तिने बॉनेट उघडून इंजिनला तळहात लावला. ते गारठलेलं होतं. यंत्र मात्र ऐंशीच्या वर तापमान दाखवत होतं.

“इकडे या,” ती नर्सबाईंना म्हणाली. “हात लावून बघा. थंडगार ना? आणि गाडीला वाटतंय, इंजिन तापलेलं आहे. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. ही देतच नाही, कारण हिचा तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलतोय.”

“आणि दुपारी?”

“दुपारी इंजिन खरंच गरम असतं. तेव्हा त्याचं खोटं खपून जातं.”

नर्सबाई हसल्या. मागे पाना हातात घेऊन उभे असलेले दाजी हसले नाहीत. त्यांनी यंत्रावरचा आकडा वाचला, इंजिनला हात लावला, आणि पाना जागेवर ठेवून आले.

सेन्सर अंगठ्याएवढा होता. तो बदलायला फारसा वेळ लागला नाही. पण खरं काय ते गाडी पुन्हा रात्रभर गार पडल्यावरच कळणार होतं. नर्सबाई बसने कामावर गेल्या.

दुपारी दोघं डबा खायला बसले. एरवी तिच्या डब्यात डोकावून काहीतरी टोमणा मारणारे दाजी आज खाली मान घालून जेवले. डब्याचं झाकण लावताना ते म्हणाले,

“पंप चालत होता?”

“हो.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.”

त्यांनी डबा पिशवीत घातला. पिशवी खुंटीला अडकवली.

“बोलली नाहीस.”

“त्यांच्यासमोर कशी बोलणार?”

दाजी मागे न वळताच हात धुवायला गेले. तिला वाटलं, त्यांना राग आला. मग वाटलं, त्यांची पाठ होती आपल्याकडे, ऐकूच गेलं नसेल. दोन्हींपैकी नेमकं काय, हे तिला ठरवता येईना, आणि त्याचंच तिला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई उजाडताच आल्या. काचेवर दव होतं. त्या स्वतःच आत बसल्या आणि चावी फिरवली. इंजिन एका दमात चालू झालं. दाजी मागे उभे होते. आधी त्यांनी सायलेन्सरमधून निघालेल्या वाफेकडे पाहिलं, मग मेहुणीकडे. तिने होकाराची मान हलवली. तेव्हा ते पुढे आले.

“बाई, पंपाचं माझं चुकलं होतं. हिने चूक पकडली म्हणून बरं.”

“चालायचंच,” नर्सबाई म्हणाल्या.

दाजी आत गेले. नर्सबाईंनी गाडी थोडी पुढे घेतली, फाटकाशी थांबवली आणि मेहुणीला खुणेने बोलावलं. काच खाली आली.

“काल तो आवाज मलाही येत होता,” त्या हळूच म्हणाल्या.

मेहुणीने मागे वळून शेडकडे पाहिलं.

“बुधवारी आमच्याकडे कान तपासतात. सकाळी लवकर घेऊन या, गर्दी नसते. मी असेनच. आता वेळेवर पोचते ना.”

गाडी निघून गेली. मेहुणीने फाटक लोटलं. दाजींकडे बुधवारचा विषय कसा काढायचा, ताईकरवी काढायचा की आपणच, याचा विचार करत ती आत आली.

शेडमध्ये एक जुनी व्हॅन खडखडत उभी होती. दाजी तिच्या उघड्या इंजिनवर झुकले होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी इंजिनवर टेकवलं होतं. असं सगळेच मिस्त्री करतात, दुसरं टोक कानाला लावतात. दाजींनी मात्र त्याची मूठ दातांत घट्ट धरली होती. डोळे मिटलेले होते, आणि चेहऱ्यावर, पूर्वी ते रस्त्याकडे कान लावून बसत तेव्हा असायची, तशी शांती होती.

ती आल्याचं त्यांना कळलं नाही. तिने खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढला. मुठीच्या पिवळ्या प्लास्टिकवर दातांचे व्रण होते, एकावर एक, किती तरी.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“मागच्या हिवाळ्याआधीपासून. हाडांतून येतं ऐकू, छान येतं. पण आता त्या टाकीला कुठे दात लावू?”

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

“ताईला माहीत आहे?”

“घरात वर्षभर ओरडूनच बोलते ती. मी समजायचो, चिडलीय.”

त्यांनी मूठ फडक्याला पुसली आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. “लाव कानाला. कुठून येतोय सांग.”

तिने टोक टेकवलं, मूठ कानाशी धरली. खडखडाटाच्या खालून एक बारीक टकटक वेगळी होऊन आली. तिने टोक थोडं सरकवलं, पुन्हा ऐकलं.

“खालून,” ती म्हणाली. “पुलीच्या बाजूने.”

दाजी तिच्या ओठांकडे पाहत होते.

तिने सावकाश, आवाज न चढवता, पुन्हा सांगितलं.