कुणालाच नको असलेलं व्याज

मी एक खतावणी बोलतेय. घाटंजीतल्या एका पतसंस्थेच्या बिनव्याजी खिडकीची. व्याज घेणं-देणं धर्मात बसत नाही म्हणणाऱ्यांसाठी संस्थेनं कोपऱ्यात ही खिडकी उघडली आणि मला कारकून नईमभाईंच्या हवाली केलं.

तांड्यावरची रुपीबाई बाजारच्या दिवशी भाजी विकून इथं पैसे ठेवायची. धर्माशी तिला काय करायचंय? या खिडकीला रांग नसते, एवढंच तिला पुरे. लेकीच्या, अर्पिताच्या नर्सिंगच्या फीसाठी तिनं अठरा हजार जमवले.

मग खिडकीला स्वतंत्र संस्था व्हायची हौस आली. खुर्च्या वाटल्या, पंखा वाटला. पंखा एकच, त्यामुळे त्यावर तीन बैठका झाल्या. सुरुवातीची शिल्लक मांडताना मात्र गाडं अडलं. खिडकीच्या ठेवी इतकी वर्षं मूळ संस्थेच्या पैशांसोबत मोठ्या बँकेत होत्या आणि त्यांच्यावर एकेचाळीस हजार व्याज चढलं होतं.

"आम्हाले हे चालत नाही," नवे अध्यक्ष म्हणाले.

"मंग आम्ही कायले ठेवू? तुमच्याच ठेवीवरचं हाय," जुने अध्यक्ष म्हणाले.

पैसा नको म्हणून भांडणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. असं व्याज पुण्याची आशा न धरता लोकांसाठी खर्चावं, अशी रीत आहे. म्हणून बाजारात संडास बांधायचं ठरलं. पण चेकवर सही कुणाची? ज्याच्या वहीत व्याज, त्याची. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

नईमभाई म्हणाले, "येगळ्या पानावर लिहा, दोघंबी सही करा." कारकुनाचं कोण ऐकतो? शिल्लक जुळेपर्यंत सगळ्यांच्या ठेवी अडकल्या.

रुपीबाई धावत आली. "भाऊ, शुक्रवारी फीची आखरी तारीख हाय. माह्ये पैसे द्या."

"हिशेब जुळू दे, बाई," नईमभाई म्हणाले.

"व्याज तुमचं जुळून नाही राह्यलं. मी व्याज मांगतलं काय? माह्येच मांगून राह्यली."

नईमभाईंनी मला मिटून ठेवलं. मला फार लाज वाटली.

शुक्रवार गेला. अर्पिताची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. महिन्याभरानं दोन्ही अध्यक्षांनी वेगळ्या पानावर सह्या केल्या, जणू ती युक्ती त्यांनाच सुचली. रुपीबाईला अठरा हजार मिळाले.

"पाहा, एक पैसा कापला नाही," नवे अध्यक्ष म्हणाले.

"आता हे कोन्या कॉलेजात भरू?" तिनं विचारलं.

आता मी बंद कपाटात आहे. माझ्या शेवटच्या पानावर हिशेब तपासनीसांनी लिहिलंय, 'कुणाचेही नुकसान नाही.' नईमभाई, तेवढं खोडा.