राजधानीत मोडलेलं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. सध्या तीन पायांवर आहे, म्हणजे खरं तर भिंतीला टेकून आहे, तेव्हा आवाज जरा कुरकुरला तर समजून घ्या. कुरकुरायला कारणही तसंच आहे. देशप्रेमाच्या नावाखाली माणसं सुट्टी कशी घालवतात ते मी पाहून आलोय, आणि अजून माझी शिसारी गेलेली नाही.

माझा जन्म गिप्सलँड या दूधदुभत्याच्या मुलखात एका गोठ्यामागे झाला. क्लॅरी अहर्न नावाच्या तरुण गवळ्याने मला घडवलं. त्याची बायको बुटकी, पिठाचा डबा वरच्या फळीवर, तिचा हात काही पोचेना. रोज ती डगमगत्या खुर्चीवर चढायची आणि क्लॅरी हातातलं काम टाकून तिला धरायला धावायचा. गोठा बांधून उरलेलं ब्लॅकवुडचं लाकूड त्याने रंधून काढलं, चारी पाय जरासे बाहेर फाकवून ठोकले, कडा घासून गोल केल्या, आणि मग स्वतः वर चढून नाचून पाहिलं. मी जागचा हललो नाही. पुढे तो दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेला आणि न्यू गिनीच्या चिखलात मेला. त्याची मुलगी मर्ल तेव्हा पाळण्यात होती.

तिच्यासाठी बाप म्हणजे एक फोटो आणि मी. पहिली पावलं तिने मला धरून टाकली. उंची आईची घेतली होती, त्यामुळे जन्मभर ती माझ्यावर चढतच राहिली. पडदे लावायला, दिवा बदलायला, फळीवरचं काढायला. मी बसायचं स्टूल नाही, चढायचं आहे, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिकडे राजधानीत, कॅनबेराला, लढाईत मेलेल्यांच्या नावांची भिंत आहे. काशाच्या तक्त्यांवर नावं, आणि आपल्या माणसाच्या नावाशेजारी लोक लाल पॉपीचं फूल खोचतात. मर्लला एकदा तिथे जायचं होतं. पण गाई कुठे सुट्टी देतात? सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या. शेवटी गेल्या वर्षी तिने कळप विकला, तोवर ऐंशी उलटली होती. शेजारीण कॅनबेराला जाऊन आली होती. ती म्हणाली, अहर्न नाव अगदी वरच्या ओळीत आहे, तुझा हात पोचायचा नाही. मर्ल म्हणाली, पोचेल, आणि मला पुसून दारात आणून ठेवलं. बापाच्या नावाला एकदा हात लावायचा, एवढंच तिला हवं होतं.

यंदा अँझॅक दिन, म्हणजे लढाईत मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, शुक्रवारी आला, तेव्हा जोडून सुट्टी. मर्लची मुलगी जनेल आणि जावई डॅरिल गाडी घेऊन आले. डॅरिलच्या पायात झेंड्याचं चित्र असलेल्या चपला होत्या. देशाचा झेंडा, आणि पायात. मला त्याने मागे बर्फाच्या पेटीखाली कोंबलं. वाटभर त्या पेटीतून बियर मिसळलेलं पाणी माझ्या अंगावर गळत होतं.

गुरुवारी दुपारी पोचलो. मर्ल म्हणाली, आधी भिंत.

"भिंत काय पळून जातेय का, मर्ल?" डॅरिल म्हणाला. "आलोच आहोत तर जरा राजधानी बघून घेऊ."

राजधानी बघायची म्हणजे काय, तर संसदेकडे पाठ करून उभं राहायचं आणि फोनकडे बघून दात काढायचे. मग तळ्यावर जायचं आणि कारंज्याकडे पाठ. मग जुन्या संसदेकडे पाठ. एक वास्तू धड पाहिली असेल तर शपथ. हिरवळीवर डॅरिल माझ्यावर बसला, हो, बसला, आणि सॉसेज-पाव खाल्ला. लाल सॉस माझ्या फळीवर ओघळला. तो त्याने हातातल्या कागदी झेंड्याने पुसला आणि झेंडा कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्याच कुठल्या तरी पर्यटकाने टेकायला म्हणून मला मागून घेतलं आणि उठताना तोंडातलं च्युइंगम माझ्या खालच्या बाजूला चिकटवलं. क्लॅरीने जिथे आपल्या हाताने लाकूड घासलं होतं, तिथे परक्याची थुंकी. मर्ल पुन्हा भिंतीचं बोलली तेव्हा जनेल म्हणाली, आई, जाऊ दे ना, त्यालाही सुट्टी रोज मिळत नाही.

शुक्रवारी सकाळी संचलन झालं. पदकं लावलेली म्हातारी माणसं जपून पावलं टाकत गेली. बिगुल वाजला आणि सगळं मैदान मान खाली घालून गप्प उभं राहिलं. त्या शांततेत डॅरिलने चिप्सची पिशवी फोडली आणि खायलाही लागला. मर्लने नुसतं वळून पाहिलं.

दुपारी भिंतीकडचे दरवाजे उघडले. मर्लच्या हातात फूल तयारच होतं. पण रांग लांब होती, आणि डॅरिलला क्लबात टू-अप खेळायला जायचं होतं. दोन नाणी उडवायची आणि छापा की काटा यावर पैजा लावायच्या. पूर्वी सैनिक खेळायचे म्हणून अँझॅक दिनाला या जुगाराची मुभा असते. डॅरिल म्हणाला, भिंत वर्षभर आहे, हे आजच आहे, उद्या सकाळी नक्की जाऊ. मर्लला त्याने मोटेलवर सोडलं आणि मला बरोबर नेलं, कारण लोकांच्या डोक्यांवरून त्याला खेळ दिसायला हवा होता.

काय सांगू त्या क्लबाचं. जमीन बियरने चिकट. शहिदांचं नाव घेऊन पेले उचलायचे आणि लगेच एकमेकांची आई-बहीण काढायची. माझ्या पायाशी एक जण भडाभडा ओकला, तरी कुणी बाजूला होईना. डॅरिल त्या तसल्या चपलांनी माझ्यावर चढला. मी म्हटलं, असो, निदान चढला तरी. एवढ्यात त्याचा एक धटिंगण दोस्त, तिथेच झालेला, सरक रे म्हणत वर आला. नाणी हवेत गेली, दोघांनी उड्या मारल्या आणि माझा एक पाय कडकन मोडला. सगळे हसले. खाली पडल्या पडल्या डॅरिलही हसला.

मोटेलवर मर्लने तो मोडका पाय हातात घेतला. डॅरिल म्हणाला, त्यात काय एवढं, उद्या प्लास्टिकचं नवं आणतो, हलकंही पडेल.

"अरे, ते आजोबांनी केलेलं होतं," जनेल हळूच म्हणाली.

"माहितीये गं मला. पण जुनंच झालं होतं ना?"

माहीत होतं त्याला. ती ओकारी परवडली, पण ह्या वाक्याची मला जास्त किळस आली. मर्ल मला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसत बसली.

शनिवारी सकाळी तिने वाटेत दुकानापाशी गाडी थांबवू दिली नाही. मला तसंच मोडकं काखेत मारलं आणि भिंतीपाशी गेली. अहर्न अगदी वर होता. मर्लने टाचा उचलल्या, हात ताणला. बोटं खालच्याच नावांवर राहिली.

डॅरिल उंच आहे. त्याने फोन जनेलच्या हातात दिला आणि म्हणाला, "आण ते फूल इकडे, मी लावतो. जनेल, तू फोटो काढ."

"तू ओणवा हो," मर्ल म्हणाली.

"काय?"

"माझं स्टूल मोडलंस ना? मग ओणवा हो."

तो हसला. मग त्याने तिचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं. आजूबाजूची माणसं बघत होती. तो गुडघे आणि हात टेकून खाली झाला. जनेल म्हणाली, आई, बूट तरी काढ. मर्लने ऐकलं नाही. जनेलने तिला कमरेला धरलं आणि ती बुटांसकट त्याच्या पाठीवर चढली. पाठ डगमगली.

"हलू नकोस," मर्ल म्हणाली. "माझ्या बापाने केलेलं कधी हललं नाही."

मग तिने फूल खोचलं, बापाच्या नावावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिली. डॅरिलचे हात थरथरायला लागले, नाकावरून घाम फरशीवर पडत होता, तरी ती उतरेना. मी बाजूला भिंतीला टेकून बघत होतो. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. ते काम माझं होतं.

ती उतरल्यावर डॅरिलने गुडघे झटकले. मला वाटलं, आता तरी माफी मागेल. त्याने फोन परत घेतला आणि म्हणाला, मर्ल, फुलाखाली उभी राहा, फोटो छान येईल. ती मला उचलून सरळ दाराकडे चालायला लागली.

आता मी तिच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात आहे. डॅरिलने सरस आणि स्क्रू पाठवलेत, मर्लने पुडकं फोडलंही नाही. परवा तो फोनवर सांगत होता की कॅनबेराला मजा आली, पुढच्या वर्षी परत जाऊ. माझं एवढंच मागणं आहे. हिवाळ्यात सरपण संपलं तर मला खुशाल मर्लच्या चुलीत घाला. ब्लॅकवुड सावकाश जळतं, तिचे पाय रात्रभर शेकतील, आणि क्लॅरीची त्याला हरकत नसेल. पण त्या सुट्टीला मला परत नेऊ नका.